सांबर बोललं

चंद्रपूर मागे टाकून मोहर्ली गेटातून जिप्सी आत शिरली, तेव्हा उन्हं नुकती वर येत होती. पानगळ झालेला साग, मध्येच बांबूची बेटं, मोहाखाली फुलांचा सडा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब लागतात. त्यांतून दोर ओवून घंटांनी निरोप पुढे पोचवत, असं इथे सांगतात. निरोप पोचवण्याची याहून कितीतरी जुनी रीत या जंगलात आजही चालू आहे.

ओढ्याकाठच्या जांभळीवर वानरांची टोळी पाला ओरबाडत होती. खाली सांडलेली पानं चितळं वेचून खात होती. ही सोबत पाल्यापुरती नाही. वानराला उंचावरून लांबचं दिसतं. चितळाला जमिनीवरचा वास आणि पाचोळ्यातली चाहूल आधी लागते. एकाचं उणं दुसरा भरून काढतो.

अचानक शेंड्यावरचं वानर खोकल्यासारखं भुंकलं. चितळांच्या माना वर झाल्या, शेपट्या उभारल्या. एका मादीनं पुढचा पाय आपटून तीक्ष्ण आवाज दिला. पलीकडे मोर ओरडला. गाईडनं इंजिन बंद करायला लावलं.

"कॉल आहे जी. पण थांबा, चितळ कशालाही बोलते. सांबर बोललं म्हणजे नक्की."

थोड्या वेळानं बांबूआडून खणखणीत "ढांक" आलं. पाठोपाठ वाघीण बाहेर पडली. चितळं पळाली नाहीत. तिच्याकडे तोंड करून ओरडत राहिली. तिनं कळपाकडे पाहिलंही नाही, रस्ता ओलांडून निघून गेली. दबा धरून झडप घालणारं जनावर एकदा दिसलं की त्याची शिकार बहुधा फसते. म्हणून हा कॉल कळपाइतकाच वाघालाही असतो: तू दिसलास. वानर ओरडतं ते आपल्या टोळीसाठी आणि वाघासाठी. चितळ मात्र तो आवाज ओळखायला शिकलेलं असतं.

म्हणूनच केवळ वाघ मोजून जंगलाचा हिशेब पुरा होत नाही. वानरं गेली, तर चितळांचे झाडावरचे डोळे जातात. कॉल ऐकून गाड्या एकाच ठिकाणी धावतात, तेव्हा ज्या आवाजावर कळपाचा जीव टांगलेला असतो, तोच गोंगाटात बुडतो. ताडोबाला जाल तेव्हा इंजिन बंद करायला सांगा आणि बोलणं थांबवा. आपल्या गप्पा तासाभरानं झाल्या तरी चालतात. चितळाला कॉल त्याच क्षणी ऐकू यावा लागतो.