पोहण्याचा लंगोट

इकडे अमेरिकेत मूल सहा-आठ महिन्यांचं झालं की हौशी आईबाप त्याला काखोटीला मारून पोहायच्या तलावात उतरतात. त्यासाठी पहिली अट म्हणजे 'स्विम डायपर'. दुकानात साध्या डायपरच्या शेजारीच मिळतो, पण त्याहून बराच महाग, आणि वर मासेबिसे छापलेले!

मुलीसाठी पहिलं पाकीट आणलं तेव्हा सवयीप्रमाणे मी एक साधा डायपर आणि एक हा, असे दोन्ही कात्रीने उभे कापले. "चला, पीएचडी कामाला आली," इति बायको.

साध्या डायपरच्या पोटात कापसासारखा लगदा आणि त्यात साखरेसारखी पांढरी भुकटी असते. तिचं नाव सोडियम पॉलिअॅक्रिलेट. पाणी लागलं की ती फुगून जेली होते. गंमत म्हणजे पाणी जितकं कमी खारट, तितकी ती जास्त फुगते. शू खारट, त्यामुळे तिथे ती वजनाच्या काही दसपट शोषते. शुद्ध पाण्यात मात्र शेकडो पट. तलावाचं पाणी सहसा शूपेक्षा कमीच खारट असतं. म्हणजे साधा डायपर घालून मूल पाण्यात सोडलं, तर तो शूपेक्षाही जोमाने फुगणार, जड होऊन गुडघ्यापर्यंत लोंबणार, आणि फाटलाच तर जेली तलावभर!

स्विम डायपरमध्ये ही भुकटी नसते किंवा अगदी नावाला असते. असतं ते कमरेला आणि मांड्यांना घट्ट इलॅस्टिक. त्याचं काम एकच, घट्ट शी अडवणं. शू तो अडवत नाही.

हे फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, म्हणजे ती सगळी पाण्यातच? आणि तुम्ही त्यातच डुंबता?"

हो, डुंबतो. तलावाजवळ नाकात जाणारा, डोळे चुरचुरवणारा 'क्लोरीनचा वास' बराचसा क्लोरामाइन्सचा असतो. क्लोरीन आणि लोकांचा घाम, शू यांच्यातून ती तयार होतात.

पण शूचं एवढं काही नाही. खरा प्रश्न जुलाबाचा. पातळ शी हा डायपर फार तर काही मिनिटं थोपवतो, आणि जंतू तर त्याला मुळीच अडवता येत नाहीत. मग वाटतं, क्लोरीन आहे की! नेहमीच्या प्रमाणातला क्लोरीन बऱ्याच जंतूंना मिनिटांत मारतो, हे खरं. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याच पाण्यात सात दिवसांहून अधिक जगू शकतो. १९९३ साली मिलवॉकी शहरात हाच पिण्याच्या पाण्यातून पसरला आणि अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले.

मध्यंतरी वर्गाच्या आदल्या दिवशी लेकीचं पोट बिघडलं. फी भरलेली, परत मिळणार नव्हती. वर्गातल्या एका बाबाने सहज म्हटलं, "स्विम डायपर आहे ना? मग आण की." आम्ही नेलं नाही. त्या वर्गात एक चार-पाच महिन्यांचं बाळ होतं, प्रत्येक बुडीला पाणी गिळायचं. ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं. तलावाच्या दारावर कुणी कुणाचं पोट तपासत नाही. तिथला सगळा कारभार विश्वासावर चालतो, आणि तो विश्वास दुकानात पाकिटातून मिळत नाही.

आता आपल्याकडेही सोसायट्यांमध्ये तलाव झाले आहेत आणि हे डायपरही मिळतात, म्हणून सांगतो. घरून निघताना साधा घालावा, नाहीतर गाडीची सीट ओली! पाण्यात उतरायच्या आधी बदलावा. तासातासाने तपासावा. बदलायचा तो तलावाच्या काठावर नाही, बाथरूममध्ये. मग बाळाचा पार्श्वभाग आणि आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत. आणि जुलाब होत असतील तर सरळ घरी बसावं. क्रिप्टोचं निदान झालं असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे.

घरी बादलीत डुंबायला कोण नको म्हणतंय? आमच्याकडे त्या दिवशी तोच कार्यक्रम झाला.