गार्डाचा डबा

1
नात सात वर्षांची. नॉर्थ कॅरोलायनात कॅरी नावाच्या गावी राहते. मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "आजी, आय अ‍ॅम अ लीडर." मराठीत सांग म्हटलं. जरा थांबून म्हणाली, "मी नेता आहे." जावयांच्या हातातला चहा सांडला.

2
दुपारी लीडरला शब्द शोधत बसले. नेता फ्लेक्सवर असतो, हात जोडून. पुढारी म्हणजे वर्तमानपत्र. म्होरक्या पोलिसांना हवा असतो. धुरीण अग्रलेखात भेटतात. अग्रणी फक्त बँक असते. सात वर्षांच्या मुलीच्या मापाचा एकही सापडला नाही.

3
तिच्या शाळेच्या जिन्यावर सात पायऱ्यांना सात सवयी रंगवल्या आहेत. स्टीफन कोव्हीच्या. मूळ पुस्तक 1989 चं, मोठ्या माणसांसाठी. जावयांच्या कपाटातही आहे. बापाला कंपनीनं दिलं, मुलीला शाळेनं.

4
हे सगळं सुरू झालं ते इथून जवळच, रॉली शहरात. ए. बी. कॉम्ब्स नावाची प्राथमिक शाळा. तिला 'मॅग्नेट' दर्जा होता, म्हणजे काही खास विषय देऊन दुसऱ्या भागातली मुलं ओढून आणायची. तो दर्जा जायची वेळ आली. नवा विषय हवा होता. मुख्याध्यापिका म्युरिएल समर्स यांनी पालकांना आणि गावातल्या व्यावसायिकांना विचारलं, मुलांनी शाळेतून काय घेऊन बाहेर पडावं असं तुम्हाला वाटतं? उत्तरात मार्क फारसे आलेच नाहीत. जबाबदारी घेणं, दुसऱ्याशी जमवून घेणं, आपण होऊन काम करणं, असं काहीबाही आलं. 1999 साली बाईंनी वॉशिंग्टनला कोव्हींचं व्याख्यान ऐकलं होतं आणि तिथंच त्यांना गाठून विचारलं होतं, हे लहान मुलांना शिकवता येईल का? न यायला काय झालं, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. आता पन्नासहून अधिक देशांतल्या शाळांत हा कार्यक्रम चालतो.

पालकांना आधी विचारलं, हे मला आवडलं. आम्हीही पालकसभेत विचारायचो. उत्तर ठरलेलं असायचं: "बाई, हाणा चार, पण शिकवा."

5
सवय पहिली: बी प्रोअ‍ॅक्टिव्ह. आमच्याकडे याला 'सांगायला लावू नये' म्हणत. माझी आई हे दिवसातून वीस वेळा सांगायची.

चौथी: विन-विन. आमच्याकडे: तुला ना मला, घाल कुत्र्याला.

पाचवी: आधी ऐकून घ्या, मग बोला. हे मी वर्गात ओरडून सांगत असे.

सहावी: सिनर्जी, म्हणजे मिळून काम करा. गावच्या पतसंस्थेच्या भिंतीवर तुकोबा हेच सांगत होते. पतसंस्था बुडाली. भिंत शाबूत आहे.

सातवी: करवतीला धार लावा. नातीनं करवत पाहिलेली नाही. तिच्या चित्रात धार लावणं म्हणजे झोप, सायकल आणि केळं.

6
दुसरी सवय वेगळी काढून ठेवली. शेवट डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करा. मोठ्यांच्या पुस्तकात हे प्रकरण स्वतःच्याच अंत्यविधीला गेल्याची कल्पना करण्यापासून सुरू होतं. मुलांसाठी तेवढं गाळून फक्त 'आधी ठरवा' ठेवलंय.

जावई म्हणाले, "आई, तुम्ही मोठ्यांचं वाचा." माझं वय 68.

7
विग. नात रोज म्हणते, "माझा विग राहिला." वाइल्डली इम्पॉर्टंट गोल, त्याचं आद्याक्षरी रूप. मी तिच्या डोक्याकडे बघितलं. केस दाट आहेत.

तिचा विग: महिन्यात 12 पुस्तकं. फ्रिजवर तक्ता. एक पुस्तक झालं की एक चौकोन रंगवायचा. अर्धं झालं की अर्धा रंगवते. धाकटा नातू तीन वर्षांचा. त्यानं एका दिवसात बाराही चौकोन रंगवले.

8
बेंजामिन फ्रँकलिनच्या वहीतही असाच तक्ता होता. तेरा गुण, सात वार. चूक झाली की काळा ठिपका. आठवड्याला एक गुण घ्यायचा, म्हणजे वर्षात चार फेऱ्या होतात. नम्रता हा तेरावा गुण त्यानं मागाहून घातला, कारण एका क्वेकर मित्रानं सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात. सगळ्यात छळलं ते नीटनेटकेपणानं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

सात सवयींच्या कंपनीच्या नावात फ्रँकलिन आहे तो हाच. 1997 साली दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा आला. ठिपक्याचा रंग तेवढा मधल्या काळात बदलला.

9
आमच्या शाळेच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं होती. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, पुढं सौजन्यशीलतेपर्यंत. श्रमप्रतिष्ठेखाली पेंटरनं बारीक अक्षरात सही केली होती. त्याचं बिल मी बदलून गेले तोवर निघालं नव्हतं.

10
पंचतंत्रातल्या अमरशक्ती राजाचे तीन मुलगे. तिघेही ढ. ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्यानं सहा महिन्यांची मुदत घेतली आणि जनावरांच्या गोष्टी सांगितल्या. 2008 साली कोव्हींचा मुलगा शॉन यानं लहान मुलांसाठी सात सवयींच्या गोष्टी लिहिल्या. त्याही जनावरांच्याच: अस्वल, ससा, खारी, साळिंदर, स्कंक. फरक इतकाच की याच्या गोष्टीत कुणी कुणाला खात नाही.

नातीला मगर आणि माकडाची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "पण मगरीनं काळजासाठी आधी विचारलं का नाही?" पाचवी सवय.

11
शंभर अग्रहार दिलेत तरी मी विद्या विकत नाही, असं विष्णुशर्म्यानं राजाला सुनावलं. सात सवयींसाठी शाळांना फी भरावी लागते. विष्णुशर्म्याला पोस्टर छापायची नव्हती, हेही खरं.

12
मॉनिटर आम्ही उंची आणि अक्षर बघून निवडायचो. फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायची, हे त्याचं मुख्य काम. नाव लिहिताना तो ज्याचं लिहितोय त्याच्याशी भांडत असायचा. त्याचं स्वतःचं नाव त्या यादीत मी कधी वाचलं नाही.

13
शालेय मंत्रिमंडळ. मुख्यमंत्री सातवीचा, आरोग्यमंत्री नखं बघणार, आहारमंत्री खिचडीच्या रांगेत उभा राहणार, पाणीमंत्री टाकी भरलीय का ते बघणार. मार्चमध्ये नळाला पाणी यायचं थांबलं. पाणीमंत्र्यानं चौथ्या दिवशी परिपाठात उभं राहून राजीनामा दिला. मंत्र्यानं दिलेला राजीनामा मी तेवढा एकच पाहिला.

14
इंग्लंडमधलं समरहिल, ए. एस. नील यांची शाळा, 1921 पासून चालू आहे. तिथल्या सभेत सगळ्यात लहान पोराला एक मत आणि मुख्याध्यापकालाही एकच. हे मी एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं. सगळ्यांना वाटलं मी रजा मागायची प्रस्तावना करतेय.

15
रुळाचा हातभर तुकडा आणि एक लोखंडी टोला, ही आमची घंटा. ती एका मुलाकडे दिली होती. चौथीत होता, वाचता येत नव्हतं, दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. वस्तीवरून तीन किलोमीटर चालत यायचा. घंटा मिळाल्यावर तो सगळ्यांच्या आधी यायला लागला. महिन्याभरात घड्याळ वाचायला शिकला. मी शिकवलं नव्हतं. दर तासाला ऑफिसच्या दारात उभा राहून मिनिटकाट्याकडे असा बघायचा, जसं काही तो काटा त्याच्या घरचा आहे. मधली सुट्टी दोन मिनिटं आधी दे म्हणून मोठ्या पोरांनी त्याला बोरं देऊ केली. बोरं घेतली, घंटा वेळेवरच दिली.

मग तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, एकाच मुलाला का? सगळ्यांना नेतृत्वाची संधी मिळाली पाहिजे. म्हणणं चूक नव्हतं. आम्ही पाळी लावली, तक्ता केला, नावं घातली. घंटा पाच-सात मिनिटं इकडेतिकडे व्हायला लागली. तो मुलगा पाळी नसलेल्या दिवशीही दारात उभा राहायचा आणि ज्याची पाळी असेल त्याला सांगायचा, "आता." पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

16
कोव्हींच्या पुस्तकातला एक प्रसंग मी दोनदा वाचला. त्यांनी आपल्या सात वर्षांच्या मुलाला अंगणातल्या हिरवळीची जबाबदारी दिली. नियम दोनच: हिरवी हवी आणि स्वच्छ हवी. कसं करायचं ते त्याचं त्यानं बघायचं, मदत लागली तर बापाला सांगायचं, बाप मोकळा असला तर करेल. शनिवारी ठरलं. रविवारी काही नाही. सोमवारी काही नाही. मंगळवारी बाप कामावरून आला तर शेजाऱ्याचं अंगण आरशासारखं आणि याच्याकडे शनिवारच्या जेवणाचा कचरा तसाच. बाप म्हणाला, चल, एक फेरी मारू. पोराची हनुवटी थरथरायला लागली. फार अवघड आहे, म्हणाला. अजून काडी उचलली नव्हती त्यानं. काही मदत करू का, बापानं विचारलं. पोरानं घरातून दोन पिशव्या आणल्या आणि जेवणाच्या कचऱ्याकडे बोट दाखवलं: तेवढा तुम्ही उचला, मला किळस येते. बापानं उचलला.

मी असते तर सोमवारीच पाणी घातलं असतं आणि मंगळवारी सगळ्या गल्लीला सांगितलं असतं.

त्या पोरानं मोठेपणी, 2006 साली, विश्वास या विषयावर पुस्तक लिहिलं.

17
लेकीला हा प्रसंग वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, तू मला कुठली गोष्ट पूर्ण करू दिलीस?" मी भांडी घासत होते. तिची पाळी होती.

18
तिसरी सवय: आधी महत्त्वाचं. मुलांच्या भाषेत आधी काम, मग खेळ. साखर कारखान्याच्या तळावर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, कोप्या पडायच्या. त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्याकडे बसायची. त्यातली एक, वय नऊ: आधी पाणी, मग धाकटा, मग भाकरी, मग शाळा. हजेरीपटात तिच्या नावापुढं निम्मे दिवस गैरहजर आहे. शेरा मीच लिहिला: 'अनियमित'.

19
व्हॉट्सअ‍ॅपवर जपानी मुलांचा व्हिडिओ. शाळा झाडतायत, फरशी पुसतायत. खाली: 'शिकावं यांच्याकडून.' त्याच ग्रुपवर आठवड्यानं आपल्याकडच्या एका शाळेचा फोटो. मुलं वर्ग झाडतायत. खाली: 'शिक्षकावर कारवाई करा.'

आमच्या लहानपणी झाडू कुणाच्या हातात जाणार, हे हजेरी चालू असतानाच आडनावावरून कळायचं. मी तेव्हा मॉनिटर होते.

20
स्टॅनफर्डमधला वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलोचा प्रयोग सगळ्यांना माहीत झालाय. समोरचा एक खाऊ नकोस, थांबलास तर दोन मिळतील. जी थांबली ती पुढं आयुष्यात बरी निघाली, असं बरीच वर्षं सांगत होते. 2018 मध्ये नऊशेच्या वर मुलांवर पुन्हा पडताळून पाहिलं. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचं वजन बरंच कमी भरलं.

मला त्यापेक्षा रॉचेस्टर विद्यापीठातला छोटा प्रयोग जास्त लागला. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मुलं 28, वय तीन ते पाच. आधी चित्र काढायला बसवलं. बाई म्हणाल्या, जरा थांबलास तर याहून चांगले रंग आणते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. निम्म्यांना येऊन सांगितलं, माफ कर, नाहीत. स्टिकरच्या वेळी पुन्हा तेच. त्यानंतर मार्शमेलो. ज्यांना रंग मिळाले होते ती सरासरी 12 मिनिटं थांबली. ज्यांना मिळाले नव्हते ती 3 मिनिटं.

मी तीन वर्षं लागोपाठ मुलांना प्रतापगडची सहल कबूल केली होती. चौथ्या वर्षी खरोखरच गाडी ठरवली आणि पैसे आणायला सांगितलं. चाळीसपैकी सहा जणांनी आणले. या पालकांना शिक्षणाची आस्थाच नाही, असं मी तेव्हा स्टाफरूममध्ये म्हणाले होते.

21
धाकट्याला सांगितलं, आजी आंघोळ करून येते, मग लाडू देते. बाहेर आले तर डबा उघडा. "तू म्हणालीस पाच मिनिटं," तो म्हणाला. त्याला घड्याळ येत नाही. पण मला केस धुवायचे होते, हे खरं.

22
रविवारची मराठी शाळा. बाराखडी, मग एक गोष्ट, मग पालकांनी आणलेले ढोकळे. एका मुलानं बाईंना विचारलं, "तुम्ही प्रिन्सिपल आहात?" बाई म्हणाल्या, "नाही रे, माझ्याकडे हॉलची किल्ली आहे."

23
तिच्या वर्गात सगळ्यांना काम असतं आणि कामाला नाव असतं. कागद गोळा करणारा रीसायकलिंग लीडर. पाहुण्यांशी हात मिळवणारा ग्रीटर. रांगेत पुढं चालणारा लाइन लीडर. दार धरणारा डोअर होल्डर. रांगेत सगळ्यात शेवटी चालणारा कबूस. मालगाडीचा शेवटचा डबा, आपला गार्डाचा.

या आठवड्यात नात कबूस होती. मला वाटलं रुसेल. आमच्याकडे शेवटी उभं राहायला सांगितलं की पोरं रडायची. ती मात्र कामं मोजून दाखवते: दिवा बंद करायचा, दार ओढून घ्यायचं, कुणाचं काय राहिलंय ते बघायचं.

"राहतं का काही?"

"एक जॅकेट. दोन वॉटर बॉटल. आणि एकदा एक मुलगा. बाथरूममध्ये होता."

"आणि लाइन लीडर?"

"तो लायब्ररीत पोचला होता."

24
परतीचं तिकीट दोन आठवड्यांनी. फ्रिजवर आता दुसरा तक्ता आहे, माझा. नातीनं आखलाय. 'आजी: इंग्लिश, 10 शब्द.' चार चौकोन रंगवून झाले. चौथा शब्द कबूस. पाचव्याचा धाकट्यानं अर्धा रंगवलाय.