वही, कंटेनर आणि ४२ ऑर्डरी

तर मंडळी, झालं असं की मागच्या हंगामात एका मित्राच्या स्ट्रॉबेरीने मला माझ्याच धंद्यातला धडा शिकवला.

मित्र सुरगाण्याचा. नाशिक जिल्ह्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं तालुक्याचं गाव, एके काळचं छोटं संस्थान. भात, नागली, वरई ही इथली जुनी पिकं, पण आता बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरीही चांगली रुजली आहे. हिवाळ्यात सापुताऱ्याला गेला असाल तर रस्त्याकडेला लाल डबे मांडून बसलेली माणसं पाहिली असतीलच. मित्राला वाटलं, गिऱ्हाईक गाडी थांबवेल याची वाट कशाला बघायची? नाशिकमध्ये घरपोचच देऊ की! साधी वेबसाईट झाली, गूगलवर जाहिरात सुरू झाली आणि फुकटचा इंजिनिअर म्हणून अस्मादिक हजर :)

पहिल्या वर्षी मी कन्व्हर्जन टॅग थेट वेबसाईटच्या कोडमध्ये चिकटवला होता. दुसऱ्या वर्षी जरा शहाणपणा सुचला आणि टॅग मॅनेजरचा कंटेनर बसवला. मित्राने फोनवर विचारलं, "कंटेनर टाकला म्हणजे ऑर्डरी मोजायला लागला ना तो?"

हा प्रश्न मला ऑफिसातही महिन्यातून एकदा येतो, म्हणून नीट सांगतो. कंटेनर काहीही मोजत नाही. तो काळी-पिवळी जीप आहे. पाहुणे आत बसवा, तो पोचवतो. रिकामी जीप दिवसभर फिरली तरी कोणाच्या घरी पाहुणा येत नाही. कन्व्हर्जन टॅग हा पाहुणा. 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' हे पान उघडलं की तो गूगलला जाऊन सांगतो, अमुक जाहिरातीवरून आलेल्या माणसाने खरेदी केली. त्याला चालतही जाता येतं, म्हणजे थेट कोडमध्ये बसून. मग जीप कशाला? तर पाहुणे वाढले की दर वेळी प्रोग्रामरला हात जोडून कोड बदलावा लागू नये म्हणून. गूगलने टॅग मॅनेजर २०१२ मध्ये आणला तो याचसाठी.

मी कंटेनरमध्ये कन्व्हर्जन टॅग बसवला, पब्लिश केलं आणि चहा प्यायलो. कोडमधला जुना टॅग काढायचा मात्र विसरलो.

दोन आठवड्यांनी मित्राचा फोन. जाम खुश. "अरे, ४,२०० रुपयांत ४२ ऑर्डरी! शंभर रुपयाला एक पडली. जाहिरात दुप्पट करू का?" एका ऑर्डरमागे त्याला जाहिरातीआधी दीडशे सुटायचे. म्हणजे पन्नास रुपये नफा. मीही म्हटलं, कर.

मागून आईचा आवाज आला. "बेचाळीस कुठल्या? वहीत तर वीसच हायेत."

मावशींची वही म्हणजे शाळेची दुरेघी. वेबसाईटवरून आलेली ऑर्डर असली की नावापुढे फुली, फोनवरची असली की टिंब. फुल्या २०. मी आधी वहीवरच शंका घेतली, हे कबूल करतो. मग लॅपटॉप उघडला आणि दोन मिनिटांत घाम फुटला. एकच पाहुणा चालतही जात होता आणि जीपनेही! विसाचे झाले चाळीस. उरलेले दोन? कोणीतरी धन्यवादाचं पान एकदा रिफ्रेश केलं होतं, तेव्हा दोन्ही टॅग पुन्हा उडाले.

आता हिशोब बघा. ४,२०० भागिले २०, म्हणजे ऑर्डरमागे २१० रुपये. सुटणार दीडशे. दर ऑर्डरला साठ रुपये खिशातून, एकूण १,२००. आणि तोटा वाढवायचा सल्ला मी नुकताच दिला होता. शिवाय स्वयंचलित बोली याच फुगलेल्या आकड्यांवर शिकत होती, ते वेगळंच.

दुरुस्ती छोटी होती. कोडमधला जुना टॅग काढला. कंटेनरमध्ये कन्व्हर्जन लिंकर आहे ना ते पाहिलं, कारण जाहिरातीवरच्या क्लिकची ओळख कुकीत जपून ठेवायचं काम त्याचं. टॅगबरोबर ऑर्डर क्रमांक पाठवायला लागलो. तोच क्रमांक पुन्हा आला तर गूगल तो दुसऱ्यांदा मोजत नाही. मग प्रीव्ह्यू लावून स्वतः एक डबा मागवला आणि टॅग एकदाच उडतोय ना ते पाहिलं. हे सगळं पब्लिश करायच्या आधी करायचं असतं... असो.

जाहिरात कमी केली. पुढच्या आठवड्यात पॅनेलवर ९ आणि वहीत ९ फुल्या. आकडा दिसायला गरीब, पण खरा. टिंबांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. जाहिरात पाहून थेट फोन करणारा माणूस माझ्या टॅगला दिसतच नाही. मावशी आता फोनवर विचारून घेतात, "आमचं कुठं बघितलं?"

बाराशे रुपये देतो म्हटलं तर मित्र हसला. "पैसे नको. पुढच्या वर्षी तोडणीला ये, पहाटे पाचला."

जाणार आहे. तोवर एवढंच: तुमच्याकडे कंटेनर कितीही चकाचक असू दे, महिन्यातून एकदा पॅनेलचा आकडा कुणाच्या तरी वहीशी ताडून पाहा. आणि दोन्ही जुळले नाहीत, तर आधी वहीवर शंका घेऊ नका.