तारण झाले, तरी पापी

तारण पावलेल्या माणसाने स्वतःला पापी म्हणू नये, असे मी बरीच वर्षे ठामपणे मानत होतो. ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळे ऋण फेडले असताना दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना कशासाठी, असे वाटून मी तेवढ्यापुरता गप्प राहायचो. आज ती प्रार्थना मी मंडळीबरोबर मोठ्याने म्हणतो.

सुरुवात झाली रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायापासून. चांगले करावेसे वाटते, पण हातून वाईटच घडते, ही पौलाची तगमग मी त्याच्या तारणापूर्वीची समजत असे. संत ऑगस्टीनही आधी तसेच समजत होता. पुढे, माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने निष्पाप राहू शकतो असे म्हणणाऱ्या पेलेगियसच्या मतांशी झगडताना त्याचा विचार पालटला. इ.स. 427 च्या सुमारास स्वतःच्या ग्रंथांची फेरतपासणी करताना त्याने ते नोंदवूनही ठेवले: हे बोल कृपेत आलेल्या माणसाचेही असू शकतात. ल्यूथरने 1515-16 मध्ये याच पत्रावर व्याख्याने देताना विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, असे मांडले.

माझी सारी भिस्त होती जॉन वेस्लीवर. याच जन्मी अंतःकरण प्रीतीने पूर्ण भरू शकते, ही त्याची शिकवण. पण तो पाप म्हणे ते जाणूनबुजून केलेल्या आज्ञाभंगाला. नकळत होणाऱ्या चुकांसाठी पूर्णत्व पावलेल्यालाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज आहे, हे तोही सांगत होता.

तरीही मला हलवले ते एका घरसभेने. साक्षी चालल्या होत्या, सगळ्या ‘पूर्वी मी असा होतो’ अशा. मग एक वयस्क बाई उठल्या. “जावेसाठी रोज प्रार्थना करते, पण तिच्याशी बोलवत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा,” एवढेच बोलून बसल्या. एरवी मी यांचे तारण खरे आहे का, अशी शंका घेतली असती. त्या दिवशी वाटले, देव आपल्याला टाकणार नाही ही खात्री असल्याशिवाय चारचौघांत असे बोलताच येणार नाही.

प्रभूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीपाठोपाठ क्षमेचे मागणे आहे. तारणाने पापाचा दंड टळतो, त्याची सत्ता मोडते. पण त्याचा वास देहात मरेपर्यंत राहतो, असे मी आता मानतो. म्हणून पाप करायला मोकळीक मिळत नाही. पौलाने सहाव्या अध्यायातच ती वाट बंद केली आहे. उलट, झगडा तिथूनच सुरू होतो.

तुमचे तारण झाले आहे का, असे कोणी विचारले तर मी हो म्हणतो. तुम्ही अजून पापी आहात का, यालाही हो म्हणतो. पहिल्या उत्तराच्या आधारावरच दुसरे देण्याचे धैर्य मला येते.