हजेरीचं बक्षीस

परवा शेजारच्या गावच्या मंडईला गेले होते. दिवाळी झाली की आमच्या सावलीकडे, एकूणच झाडीपट्टीत, गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. मंडपापासून जरा दूर, उजेड जेमतेम पोचेल अशा जागी झंडीमुंडीचा फड मांडलेला. मेणकापडावर सहा चित्रं, डब्यात तीन फासे. एक फासा जुळला तर एकास एक, दोन जुळले तर दुप्पट, तिन्ही जुळले तर तिप्पट. ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब केला तर शंभर रुपयांमागे जवळपास ८ रुपये फडवाल्याकडेच राहतात. एक म्हातारा उठायला लागला तसा फडवाला म्हणाला, "काका, बसा ना, चहा सांगतो." चहा फुकट! आणि काका बसले.

मला एकदम अमेरिकेतला भाचा आठवला. (त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही आत्या, नाव तेवढं नको.")

२०१८ च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला भावाच्या या मुलाकडे राहायला गेले होते. त्याच्या घरात नव्याकोऱ्या वस्तू फार. मिक्सर, ब्लँकेटं, प्रवासी बॅगा. "आत्या, यातलं काहीच विकत घेतलेलं नाही, सगळं फुकट मिळालंय," हे तो मोठ्या कौतुकाने सांगायचा. सूनबाई मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायची. मी शाळेत चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत, मला कळायचं ते कळलं.

दर शनिवारी तो अटलांटिक सिटीला जायचा. समुद्रकाठचं गाव. तिथे १९७८ साली पहिला कॅसिनो उघडला. एका शनिवारी हट्टाने मीही गेले. भाचा व्हिडिओ पोकरच्या मशीनवर बसला. पडद्यावर पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, नको ते बदलायचे, आणि जे जमेल त्याचे पैसे मशीनवर लिहिलेल्या तक्त्याप्रमाणे मिळतात. बसण्याआधी त्याने खिशातून एक कार्ड काढून मशीनच्या फटीत घातलं. पडद्यावर त्याचं नाव आलं, स्वागत असो! तो हसला. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षभरात त्याला इतकं मनापासून हसताना घरी कुणी पाहिलं नव्हतं म्हणे.

त्या कार्डावर गुण जमतात. साध्या मशीनवर पाच डॉलर खेळलात की एक गुण, व्हिडिओ पोकरवर मात्र दहा डॉलरला एक. का? तर व्हिडिओ पोकरमध्ये खेळणाऱ्याला परतावा जास्त, म्हणून बक्षीस निम्मं. शंभर गुण झाले की एक डॉलर. त्यातून जेवण, वस्तू वगैरे.

रात्री घरी आल्यावर मी वही मागितली. मी बी. ए. मराठीची असले तरी सातवीपर्यंत गणितही शिकवलंय!

पोकरच्या मशीनचं सगळं मर्म त्या तक्त्यातल्या दोन ओळींत असतं. तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते म्हणजे फुल हाऊस, एकाच रंगाचे पाच म्हणजे फ्लश. एका नाण्यामागे फुल हाऊसला ९ आणि फ्लशला ६ मिळत असतील, तर अगदी बिनचूक खेळणाऱ्याला दीर्घकाळात शंभर डॉलरमागे ९९.५४ परत मिळतात. तेच ८ आणि ५ असतील तर ९७.३०. आणि ६ आणि ५ असतील तर ९५. मशीन बाहेरून तेच, खुर्ची तीच, फरक फक्त आकड्यांचा. लास व्हेगासमध्ये तर योग्य तक्त्याचं एक मशीन १०० वर ७६ सेंट जास्त देणारंही होतं, पण त्यावर एकही चूक चालत नाही.

भाच्याचं मशीन होतं ८ आणि ५ वालं. पाव डॉलरची पाच नाणी म्हणजे एका डावाला सव्वा डॉलर. सरावलेला हात तासाला ६०० डाव खेळतो, म्हणजे ७५० डॉलर. "छे, मी तर दोनशेच घेऊन जातो!" भाचा म्हणाला. बरोबर आहे, पण जिंकलेले तो पुन्हा लावतो, तेच पैसे फिरत राहतात, आणि प्रत्येक फेऱ्यात मशीन आपला वाटा काढून घेतं.

मग मांडलं. ७५० डॉलरवर तोटा २० डॉलर २५ सेंट. कार्डाचे गुण ७५, म्हणजे ७५ सेंट. तीस डॉलरचं 'फुकट' जेवण मिळवायला ४० तास खेळायचं, आणि त्या ४० तासांचा तोटा ८१० डॉलर! ९ आणि ६ च्या मशीनवर हाच तोटा तासाला साडेतीन डॉलरच्या आत राहिला असता. पण ते मशीन दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि तिथे भेटवस्तूंच्या दिवशी दुप्पट गुण मिळत नव्हते.

आठवड्याला सहा तास, वर्षाचे ५० शनिवार, म्हणजे ३०० तास. तोटा ६,०७५ डॉलर. कार्डाचे २२५, टपालाने येणाऱ्या फुकट खेळाचे दर आठवड्याला दहा धरले तर ५००. मिक्सर आणि ब्लँकेटं धरा हवी तर. तरी बेरीज जुळेना.

"आत्या, हा नुसता कागदावरचा हिशेब. एक रॉयल फ्लश लागला की हजार डॉलर येतात." येतात ना, पण साधारण ४०,००० डावांतून एकदा. आणि मी मांडलेल्या परताव्यात तो धरलेलाच आहे.

त्यानंतर जानेवारीत करासाठी म्हणून सूनबाईने कॅसिनोकडून वर्षाचा हारजितीचा दाखला मागवला. कार्डावरच्या नोंदींवरून तो मिळतो. भेटी देणारं कार्ड सगळं लिहूनही ठेवत होतं. आकडा होता ६,४१२. आमच्या वहीपेक्षा थोडा जास्तच. कुणी कुणावर ओरडलं नाही. भाचा नुसता त्या कागदाकडे बघत बसला.

मला मात्र रात्रभर माझाच एक वर्ग आठवत होता. पूर्ण हजेरीला मी वही बक्षीस द्यायची. एका पावसाळ्यात एक पोरगी अंगात ताप घेऊन आली आणि बाकावरच डोकं टाकून झोपली. का आलीस गं, तर म्हणे, "बाई, वही जाईल." त्या दिवशी ती काय शिकली? काही नाही. पण हजेरी लागली. बक्षीस कशाला देतोय ते मीच नीट पाहिलं नव्हतं. कॅसिनोवाले मात्र पाहूनच देतात. ते बक्षीस जिंकल्याचं नाही, हजेरीचं आहे.

खेळणारच असाल तर कार्ड जरूर लावा, ते वाईट नाही. पण आधी तक्ता वाचा, आणि कार्डासाठी खेळू नका. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. पण गोव्याला मांडवीतल्या बोटी आहेतच. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला. त्याआधी आमच्या गावची पोरं 'बोनस'पायीच तिकडे ओढली जायची.

भाचा आता वर्षातून एखाद्या वेळी जातो, ९ आणि ६ शोधतो, नाही सापडलं तर समुद्रावर फिरून परत येतो. खरं सांगू का, त्याला पैसे हवेच नव्हते. कुणीतरी नावाने हाक मारावी, एवढंच हवं होतं. हल्ली शनिवारी त्याच्याकडे सकाळ असते तेव्हा मी इकडून संध्याकाळी फोन लावते. चुकवत नाही.

असो. आजची माझी हजेरी लागली!