सहा तालुक्यांची परीक्षा

मोठा मजकूर साठवून त्यात शोध घ्यायचा तर डेटाबेस कोणता घ्यावा, असं विचारलं की जाणकार आधी उलट विचारतो: मजकूर किती आहे? रिसोडमध्ये बसून मी जुनी साप्ताहिकं, स्मरणिका, दिवाळी अंक यांचा मजकूर शोधण्याजोगा करण्याचं काम करतो, आणि मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. हिशेब सरळ आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. छापील पानावर २००० चिन्हं धरली तर पान ६ किलोबाइटचं आणि लाख पानं ६०० मेगाबाइटची. शोधाच्या सूचीने ते दुप्पट-तिप्पट झालं तरी खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतं. गावोगावच्या संग्रहांना आकाराची अडचण नसतेच. अडचण वेगळीच असते: हा डेटाबेस शब्द कशाला समजतो?

एसक्यूलाइटचं उदाहरण घ्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा फुकट डेटाबेस म्हणजे एक फाइल. सर्व्हर नको, देखभालीला माणूस नको. त्यात एफटीएस५ नावाची शोधाची सोय आहे. मूळ मांडणीत ती अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते, बाकी सगळं मोकळी जागा. यूनिकोडच्या वर्गवारीत आपल्या काना-मात्रा-वेलांट्या अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात. ‘पुणे’चेही तेच दोन. वऱ्हाडातल्या माणसाने पाणी मागावं आणि त्याच्यापुढे पुणे यावं, हे तसं नवं नाही. पण इथे उपाय एका ओळीचा आहे. जोडचिन्हांचे वर्गही शब्दातच धर, असं सूची बनवताना सांगायचं.

म्हणून नवा डेटाबेस समोर आला की मी त्याची परीक्षा आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांवर घेतो: रिसोड, वाशिम, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा.

रिसोड सोपा पेपर. रिसोडला, रिसोडहून, रिसोडकर. सुरुवातीचा भाग जुळवला की सगळे हाती येतात. वाशिम कुणी ऱ्हस्व छापतो, कुणी दीर्घ. मंगरूळपीर कधी जोडून, कधी तोडून, कधी नुसतं मंगरूळ. मालेगाव म्हटलं की नाशिककडचंही धावत येतं. कारंजा ‘कारंज्यात’ गेला की शेवटचा काना उडतो आणि सुरुवात जुळवण्याची युक्ती फसते. आणि मानोरा! ‘मानोऱ्याला’ मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला निराळे; यूनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तो नियम आपणच लिहायचा.

या सामान्यरूपांची व्यवस्था तयार मिळेल, ही आशा मी सोडली आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये शब्दाचं मूळ काढणारे नियम हिंदी, नेपाळी, तमिळ यांच्यासाठी आहेत, मराठीसाठी नाहीत. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र ज्या ल्युसीनवर उभं आहे त्यात हिंदी-बंगाली सापडतात, मराठी नाही. हिंदीचे नियम लावून भागत नाही. त्यांना आपले ‘ला’, ‘हून’, ‘साठी’ ठाऊक नाहीत. तीन-तीन चिन्हांचे तुकडे करून शोधण्याची पद्धत बरीच मदत करते, पण ‘मठ’ किंवा ‘गड’ म्हटलं की ती हात टेकते, कारण त्यात चिन्हंच दोन. अर्थावरून शोधणाऱ्या नव्या पद्धतीने दुष्काळ विचारला तर अवर्षणही मिळू शकतं. खेड्याच्या नावासाठी मात्र मी तिच्यावर विसंबत नाही.

मग मी काय करतो? छापलेला मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात. ‘वाशीम’ असेल तर ‘वाशीम’च. शेजारी शोधासाठी दुसरा रकाना: प्रत्यय कापलेले, शेवटचे काना, वेलांटी आणि ‘्या’ काढलेले, दोन्ही तऱ्हांचे र एक केलेले. देऊळ-देवळात यांसारख्या जोड्यांची वेगळी यादी. यात गाडा आणि गाडी एक होऊन जातात, हे मला मान्य आहे. नको असलेला निकाल वाचणारा नजरेने बाजूला सारतो. जो निकाल आलाच नाही, तो होता हेही त्याला कळत नाही.

शब्द जुळवून सुटत नाही असं एक गणितही या जिल्ह्यात आहे. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही अकोल्यात. इंग्रजी अमलातही वाशिमचा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला. म्हणजे १९७५ च्या अंकात ‘वाशिम जिल्हा’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. वर्ष आणि गाव हे मजकुराबाहेर, आपापल्या रकान्यात नोंदलेले हवेत. नुसत्या शोधयंत्रापेक्षा रकाने नीट सांभाळणारा डेटाबेस मी पसंत करतो तो यासाठी.

एका वाचनालयात काम दाखवलं तेव्हा तिथल्या जुन्या सेवकाने एवढंच विचारलं, “भाऊ, तुम्ही नसले तं हे कोन चालवन?” निवडीची अर्धी कसोटी या प्रश्नात आहे. एका गावाचा, एकाच टेबलावरचा संग्रह असेल तर एसक्यूलाइट. फाइल उचलली की प्रत झाली. चार जण एकाच वेळी नोंदी करणार असतील तर पोस्टग्रेस. इलॅस्टिकसर्च तेव्हाच, जेव्हा ते रोज सांभाळणारा माणूस पगारावर असेल. सूची केव्हाही मोडून नव्याने बांधता येते, म्हणून तिचा मोह नको. जपायचा तो मूळ मजकूर आणि मराठीचे आपण लिहिलेले नियम. हे दोन्ही साध्या फाइलीत बाहेर काढता येत नसतील, तर बाकीचे गुण ऐकण्यात अर्थ नाही.

तुमच्याकडे तालुके वेगळे असतील. त्यांची नावं घ्या, सगळ्या विभक्तींत चालवा, जुन्या-नव्या लेखनात लिहा आणि शोधून पाहा. जो डेटाबेस मानोऱ्यापर्यंत पोचतो, त्याच्या वेगाची चौकशी नंतर करावी.