छारानगरच्या चौकात

मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी अहमदाबाद येते. कुबेरनगरला जायला रिक्षावाले तयार असतात. पण छारानगर म्हटले की आधी आपल्या सामानाकडे बघतात, मग तोंडाकडे. आमच्याबरोबर जलशातील आठ मुलेमुली, ढोलकी आणि पेटी. दोघांनी नकार दिला, तिसरा कसाबसा तयार झाला.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मापासून चोर ठरविल्या. छारा त्यांतलेच. सोलापूरची सेटलमेंट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तसाच प्रकार येथे होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, शिक्का मात्र राहिला.

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलियाला बुधन सबर हा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. महाश्वेतादेवींनी ते प्रकरण कलकत्ता हायकोर्टात लढविले. त्याच वर्षी त्या आणि गणेश देवी छारानगरात आले. वस्तीत वाचनालय निघाले, आणि तेथे जमणाऱ्या पोरांनी बुधनवरच नाटक बसविले. लिहिले वस्तीतल्याच दक्षिण बजरंगे यांनी. पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९९८ चा. मंडळीचे नावही तेच पडले : बुधन थिएटर. पुढे त्यांतली काही मुले दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकली.

रंगमंच नाही, पडदा नाही. चौकात माणसे गोल उभी राहतात आणि नाटक सुरू होते. आमच्या पोरांना पहिली दहा मिनिटे जड गेली. भीमराव कर्डकांपासून आपला जलसा तमाशाच्या साच्यात वाढलेला; आधी हसवायचे, मग वर्मावर बोट ठेवायचे. येथे पहिला आवाजच मार खाणाऱ्याचा. रात्री यावरच वाद रंगला. "तुम्ही लोकांना हसवून सोडून देता का?" असे त्यांच्यातल्या एका मुलीने विचारले. आमच्या शाहिराने तोंडाने उत्तर दिले नाही, ढोलकी ओढली आणि बतावणीच करून दाखविली. मराठी न कळताही म्हातारी माणसे खळखळून हसली, आणि शेवटाला गप्प झाली. आम्हाला विचाराल तर दोन्ही रीती हव्यात.

आमच्यात पुण्याकडचा एक कंजारभाट मुलगा होता. एका आजीबाईंचे बोलणे त्याला आपल्या घरच्यासारखे वाटले. त्याने घरच्याच बोलीत उत्तर दिले. मग काय, दोन दिवस त्याचे जेवण त्यांच्याकडेच! गुजरात आणि महाराष्ट्र ही नावे नकाशावर. बोलीला कुंपण घालता आले नाही.

एक गोष्ट मात्र सर्वांनाच टोचली. या मंडळीने पिन्या हरी काळे याच्यावरही नाटक केले आहे. तो बारामतीकडचा पारधी, १९९८ मध्येच कोठडीत मेलेला. आपल्याच राज्यातले हे नाव आमच्या बहुतेक मुलांनी अहमदाबादेत पहिल्यांदा ऐकले. आपल्या विहाराच्या मागे पारध्यांची पाले पडली तर आपल्यातलेच काही जण आधी चौकीला कळवतात, हेही एका मुलीने तेथे स्पष्ट बोलून दाखविले. कोणी तिला अडविले नाही.

परतीच्या गाडीत नाटक मराठीत करायचे ठरले. भांडण उरले ते जागेवरून : सभागृह घ्यायचे की पालांपुढच्या मोकळ्या जागेत करायचे. कल्याण आले तरी मिटले नव्हते.